दुनळी बंदूक : नेमाची पारख आणि सुरक्षित हाताळणी

भात पोटरीत आले, भुईमुगाच्या शेंगा भरू लागल्या अथवा मक्याला कणसे धरली, की रानडुकरांचा उपद्रव सुरू होतो. कळप एकदा शेतात शिरला म्हणजे खातो त्याहून अधिक तुडवितो, आणि उरलेल्या उभ्या पिकाचा पेंढाही धड हाती लागत नाही. कोकणात डुकरे नारळाची व सुपारीची कोवळी रोपे उकरतात. विदर्भात डुकरांच्या जोडीला रोही तूर व हरभर्‍याचा फडशा पाडतात. कुंपण, माळ्यावरील राखण, डबे वाजविणे, जाळ करणे हे सर्व उपाय करून झाल्यावर शेतकरी बंदुकीकडे वळतो.

ही बंदूक बहुधा घरातील जुनीच असते. आजोबांच्या वेळची, एका मोसमापुरती भिंतीवरून उतरविलेली, आणि नेम कोठे लागतो हे कधीही न तपासलेली. बियाण्याची उगवणशक्ती पाहिल्यावाचून पेरणी न करणारा शेतकरी बंदुकीच्या बाबतीत मात्र सर्व भार विश्वासावर टाकतो. त्यातही बंदूक दुनळी असल्यास तिच्यातील दोष दुप्पट नव्हे, चौपट होतात. कारण दोन नळ्या वेगवेगळ्या असून त्यांचा परस्परसंबंधही बिघडू शकतो. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या विषयाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे. रानडुक्कर समजून राखणीला बसलेल्या दुसर्‍या माणसावरच बार झाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येतात. त्यांतील मृत मनुष्य पुष्कळदा बार काढणार्‍याचाच शेजारी किंवा भाऊबंद असतो.

परवाना व परवानगी या दोन निराळ्या गोष्टी

प्रथम कायद्याची बाजू थोडक्यात सांगणे भाग आहे. 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार खर्‍याखुर्‍या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. परिस्थिती पाहता ठासणीची बंदूक अपुरी पडेल अशी परवाना अधिकार्‍याची खात्री झाल्यास, निदान वीस इंच लांब नळीच्या दुसर्‍या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचाही परवाना देता येतो. काडतुसाची दुनळी बंदूक या दुसर्‍या वर्गात येते. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली असून, सर्वसाधारणपणे एका व्यक्तीस दोनच शस्त्रे ठेवता येतात.

तथापि बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीस बंदी आहे. रानडुक्कर व रोही ही जनावरे आता त्या अधिनियमाच्या दुसर्‍या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकास त्यांच्यापासून धोका निर्माण झाल्यास कलम 11 अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक अथवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो. आदेश हाती येण्यापूर्वी बार काढल्यास, पीक स्वतःचे असले तरी, तो गुन्हाच होतो. आदेशानुसार मारलेले जनावरदेखील शासनाची मालमत्ता ठरते. त्याचे मांस घरी नेता येत नाही. ही शेवटची गोष्ट गावोगाव ठाऊक नसते, आणि पुढील सारा त्रास तेथूनच सुरू होतो.

दुनळीची रचना

नळ्या शेजारी शेजारी असलेल्या दुनळी बंदुकीला बहुधा दोन चाप असतात. पुढचा चाप उजव्या नळीचा व मागचा डाव्या नळीचा. दोन्ही नळ्यांची तोंडे सारखी दिसत असली तरी आतून ती सारखी नसतात. तोंडाशी नळी किंचित आवळलेली असते. या आवळपणास चोक म्हणतात. उजव्या नळीचा चोक बहुधा कमी व डावीचा अधिक असतो. त्यामुळे उजव्या नळीचे छर्रे लवकर पसरतात, डावीचे दूरवर एकत्र राहतात. जवळच्या जनावरावर पुढचा चाप व लांबच्यावर मागचा, असा हा हिशेब आहे. बारा बोअर ही संज्ञाही समजून घ्यावी : एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्यास त्यांतील एक गोळी जिच्यात नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षा लहान असते, मोठी नव्हे.

या साध्या गोष्टीच्या अज्ञानातून एक भयंकर अपघात घडतो. वीस बोअरचे काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकल्यास ते काडतुसाच्या घरात न थांबता पुढे सरकते आणि नळीत अडकून बसते. मागून पाहणार्‍यास नळी रिकामीच वाटते. बंदूक उडत नाही असे पाहून मनुष्य बारा बोअरचे काडतूस भरतो व चाप ओढतो. पुढचे काडतूस अडसर होऊन नळी फुटते, आणि ती नेमकी डाव्या हाताच्या बोटांपाशी फुटते. घरात दोन बोअरच्या बंदुका असल्यास काडतुसे एका पेटीत कधीही ठेवू नयेत. एका खिशात तर नव्हेच.

काडतुसाच्या लांबीचाही असाच फसवा प्रकार आहे. जुन्या बंदुकांचे काडतुसाचे घर पुष्कळदा अडीच इंचांचे, म्हणजे 65 मिलिमीटरचे असते. बाजारातील काडतूस 70 मिलिमीटरचे असले तरी तोंड दुमडलेले असल्यामुळे ते या घरात सहज बसते. बार होताना मात्र दुमड उघडते, तिला जागा पुरत नाही, आणि आतील दाब वाढतो. काडतुसावर लिहिलेली लांबी ही फुटल्यानंतरची लांबी असते. ज्या जुन्या नळ्यांवर नागमोडी वेलबुट्टीसारखी नक्षी दिसते, त्या लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या असून काळ्या दारूच्या काळातील आहेत. त्यांत आजची काडतुसे उडवू नयेत. अशी बंदूक शोभेला ठेवली तरी तिच्यासाठी परवाना लागतोच.

बार काढण्यापूर्वीची तपासणी

नेम तपासण्यापूर्वी बंदूक बार काढण्यास योग्य आहे काय, हे पाहिले पाहिजे. ही पाहणी घरी दिवसाउजेडी, सर्व काडतुसे दुसर्‍या खोलीत ठेवून करावी.

बंदूक मोडून नळ्या सुट्या कराव्यात व खिडकीच्या उजेडाकडे धरून आतून पाहाव्यात. नळीच्या आत सावलीचे कडे दिसल्यास तेथे फुगवटा किंवा पोचा आहे असे समजावे. निवडणुकीच्या काळात अनेक ठिकाणी परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. तेथून परत आलेल्या बंदुकीची नळी तर अवश्य पाहावी. कुंभारमाशीला बंदुकीची नळी घरटे करण्यास फार सोयीची वाटते, आणि तिने लिंपलेला मातीचा गोळा नळी फोडण्यास पुरेसा असतो.

त्यानंतर नळ्या आकड्याला दोरीने टांगून लाकडाच्या काडीने हलकेच वाजवाव्यात. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन्ही नळ्यांना जोडणारी पट्टी घट्ट आहे. भांड्याला चीर गेल्यावर येतो तसा बद्द आवाज आल्यास जोड सुटला आहे. त्या बंदुकीच्या नेमाचा भरवसा नाही. पितळी भांडे विकत घेताना घरातील बायकाही हीच परीक्षा करतात, तेव्हा ती शिकविण्यास अवघड नाही. जोड सुटला असल्यास गावच्या लोहाराकडे डाग देण्यास नेऊ नये. उष्णतेने नळ्यांचा परस्परकोन बिघडतो, आणि परवाना नसलेल्याने शस्त्राची दुरुस्ती करणे बेकायदेशीरही आहे.

मग नळ्या पुन्हा बसवून, दस्त्याच्या पुढील लाकडी भाग काढून, बंदूक हलवून पाहावी. खडखड जाणवता कामा नये. नळ्यांचा मागील भाग व बंदुकीचे तोंड यांत सिगारेटचा पातळ कागद ठेवून बंद केल्यावर तो पकडला जावा. कागद सहज निसटल्यास सांधा झिजला आहे.

शेवटची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. दोन्ही नळ्यांत फुटलेली रिकामी काडतुसे घालून दोन्ही घोडे चढवावेत. एक चाप ओढावा व लगेच दस्त्याचा तळ घोंगडीवर हलकेच आपटावा. दुसरा घोडा आपोआप पडल्यास बंदुकीच्या आतील खाच झिजली आहे. अशी बंदूक एका बारासरशी दोन्ही नळ्या उडविते, किंवा पहिल्या बारानंतर मनुष्य खाली उतरत असता दुसरी उडते. ती परवानाधारक कारागिराकडे जाईपर्यंत कुलपात राहावी. बिनघोड्याच्या बंदुकीत घोडे आत असल्यामुळे ते पडलेले दिसत नाहीत. तेथे दुसरा चाप नंतर ओढून आतील खटका ऐकावा. खटका ऐकू न आल्यास तो आधीच पडला होता.

छर्‍यांच्या पसार्‍याची परीक्षा

ही परीक्षा शक्य तेथे नेमबाजीच्या मैदानावरच करावी. अन्यत्र करावयाची असल्यास परवान्यातील अटी पाहून व पोलीस ठाण्याची संमती घेऊनच करावी. निशाणामागे उंच मऊ मातीची दरड हवी. जांभ्याचा कातळ किंवा भरलेले शेततळे मागे असू नये. दगडावरून व पाण्यावरून छर्रे उसळतात. मोठे छर्रे अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जातात, रायफलची गोळी तर काही किलोमीटर जाते. पाहणारे सर्व लोक बार काढणार्‍याच्या मागे उभे राहावेत व कानात कापूस असावा.

चार फूट लांब व तितकाच रुंद कागद बांबूच्या चौकटीवर ताणून मध्यभागी ठसठशीत खूण करावी. चाळीस यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर अंतरावरून केवळ उजव्या नळीचा एक बार काढावा. कागद बदलून डाव्या नळीचा काढावा. एकाच कागदावर दोन्ही बार काढण्याची काटकसर करू नये. कोणता छर्रा कोणाचा हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मग जेथे छर्रे सर्वांत दाट पडले असतील तेथे मध्य धरून तीस इंच व्यासाचे वर्तुळ काढावे व आतील छिद्रे मोजावीत.

समजा, काडतुसात 280 छर्रे असून वर्तुळात 168 छिद्रे आढळली, तर प्रमाण शेकडा 60 झाले. चोक मुळीच नसलेल्या नळीचे प्रमाण शेकडा 40 च्या सुमारास, अर्ध्या चोकचे 60 व पूर्ण चोकचे 70 असते. प्रत्येक नळीचे निदान चार-पाच कागद घ्यावेत, कारण एकाच काडतुसावरून निर्णय केल्यास तो चुकतो. प्रमाणाइतकेच महत्त्व वर्तुळाच्या मध्यास आहे. तो खुणेपासून वीतभर बाजूला पडत असेल तर दोष नळीचा की धरणार्‍याचा हे ठरविण्यासाठी दुसर्‍या अनुभवी परवानाधारकाकडून, त्याच्या परवान्याच्या मर्यादेत, पडताळा घ्यावा.

वरील परीक्षा बारीक छर्‍यांची झाली. डुकरासाठी वापरतात ते एल. जी. किंवा एस. जी. चे दाणे मोठे व मोजके असतात; त्यांची शेकडेवारी काढण्यात अर्थ नाही. कागदावर डुकराच्या छातीएवढा, सुमारे एक फुटाचा गोल काढून प्रथम 15, मग 20, 25 व 30 मीटर अंतरावरून बार काढावेत. ज्या अंतरावर बहुतेक दाणे गोलात पडत नाहीत, ते अंतर त्या नळीच्या आवाक्याबाहेरचे आहे. हे अंतर बंदुकीबंदुकीत, किंबहुना एकाच बंदुकीच्या दोन नळ्यांतही भिन्न निघते. पूर्ण चोकच्या नळीतून मोठे दाणे एकमेकांवर घासून वेडेवाकडे जातात आणि कमी चोकची नळीच सरस ठरते, असाही अनुभव येतो. नळीच्या मापाची सबंध शिशाची गोळी मात्र चोक असलेल्या नळीतून कदापि उडवू नये.

परीक्षेत ठरलेले अंतर शेतात मोजून ठेवावे. माळ्यापासून तितक्या अंतरावर चारी बाजूंना चुना लावलेले खुंट रोवले असता रात्रीचा अंदाज चुकत नाही. जखमी होऊन झाडीत शिरलेले डुक्कर दुसर्‍या दिवशी गवत कापणार्‍या बाईच्या अंगावर येते. खुंटापलीकडच्या जनावरावर बार न काढण्याचे खरे कारण हे आहे, काडतुसाची किंमत नव्हे.

दुनळी रायफल

काही जुन्या घराण्यांत शिकारीच्या काळातील दुनळी रायफली आजही परवान्यावर आहेत. इंग्रज अमदानीत वाघ-गव्याच्या शिकारीसाठी त्या मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात आल्या. जिम कॉर्बेट यांची जेफरी कंपनीची दुनळी रायफल तर प्रसिद्धच आहे. जर्मनीत दोन गुळगुळीत नळ्यांच्या खाली एक रायफलची नळी असलेली तिनळी बंदूक शिकारी लोक पुष्कळ वापरतात. पीकसंरक्षणाच्या परवान्यात रायफल येत नाही. तथापि तिच्या रचनेतील तत्त्व समजले म्हणजे दुनळी बंदुकीचे वर्तनही उलगडते.

दुनळी रायफलच्या नळ्या वरवर समांतर दिसल्या तरी त्या तोंडाकडे किंचित जवळ येत गेलेल्या असतात. उजवी नळी बंदुकीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असल्याने तिचा बार होताच धक्क्याने बंदुकीचे तोंड उजवीकडे व वर वळू लागते. गोळी नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच हे वळणे सुरू झालेले असते. डाव्या नळीच्या बाबतीत ते डावीकडे होते. हे वळण जमेस धरून कारागीर नळ्यांचा कोन ठरवितो, बार काढून पाहतो, पाचर सरकवितो, पुन्हा डाग देतो, आणि पन्नास ते शंभर यार्डांवर दोन्ही गोळ्या एकत्र पडेपर्यंत हे काम चालते. दुनळी रायफलची किंमत तिच्या पोलादापेक्षा या श्रमाची अधिक असते.

हा मेळ एका विशिष्ट काडतुसापुरताच असतो. गोळी अधिक वेगाची असल्यास बंदूक पुरेशी वळण्याआधीच ती बाहेर पडते, आणि उजव्या नळीची गोळी डावीकडे व डावीची उजवीकडे, अशा आडव्या जातात. वेग कमी असल्यास गोळी नळीत अधिक वेळ राहते व दोन्ही गोळ्या बाहेरच्या बाजूंना फाकतात. म्हणून निशाणावरील छिद्रांना ‘उ’ व ‘डा’ अशी अक्षरे घालणे आवश्यक आहे. नुसती दोन छिद्रे चार इंच अंतरावर दिसली तर काडतूस जोरदार आहे की मंद, हे कळत नाही. अक्षरे असली तर तत्काळ कळते. जुनी, दमट हवेत राहिलेली काडतुसे बहुधा मंद होतात. त्यांचा दोष नळ्यांना देऊन नळ्या वाकविण्याचा प्रयत्न करणारे महाभाग आढळतात.

परीक्षेच्या वेळी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकावी. परंतु पिशवी व रायफल यांच्यामध्ये डावा हात असावा. नळी कठीण वस्तूवर टेकल्यास ती उसळते व नेम वर जातो. प्रथम उजवा, मग डावा असे दोन बार काढून नळ्या पूर्ण निवू द्याव्यात व नंतर पुढची जोडी काढावी. तापलेल्या नळ्यांचा मेळ निराळा असतो.

शेतातील वागणूक

एकनळी बंदुकीचा बार झाला की ती रिकामी होते. दुनळीची एक नळी उडाल्यावर दुसरी भरलेलीच असते, आणि नेमके त्याच वेळी माणसाचे चित्त डुकराकडे असते. तो माळ्यावरून उतरतो, बांध ओलांडतो, शेजार्‍याला हाक मारतो, आणि भरलेली नळी हातात असते. माळ्यावरून पाय खाली टाकण्यापूर्वी बंदूक मोडून दोन्ही काडतुसे काढावीत. बांध, कुंपण व ओढा ओलांडताना हाच नियम. मोडलेली बंदूक दुसर्‍यालाही दिसते, त्यामुळे बरोबरच्या माणसाला विचारावे लागत नाही. बाहेर घोडे असलेल्या बंदुकीचा चढविलेला घोडा अंगठ्याने हळूच उतरविण्याची सवय फार आहे. दव पडलेल्या रात्री अंगठा निसटतो. त्याऐवजी आधी बंदूक मोडून काडतूस काढावे व मग घोडा उतरवावा.

चाप ओढूनही बार न झाल्यास बंदूक लगेच उघडू नये. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान एक मिनिट थांबावे, कारण काडतूस उशिरा पेटण्याचा संभव असतो. नेहमीपेक्षा मंद आवाज झाल्यास पुढचा बार काढू नये. काडतुसातील पुठ्ठ्याची चकती नळीत अडकली असण्याचा संभव असतो. दोन्ही नळ्या रिकाम्या करून आतून पाहाव्यात.

विजेरीच्या उजेडात दोन डोळे चमकले म्हणजे डुक्कर, हे समीकरण चुकीचे आहे. कुत्रा, वासरू, शेळी यांचेही डोळे चमकतात, आणि माणसाचे मुळीच चमकत नसल्याने झुडपामागे बसलेला मनुष्य दिसतच नाही. संपूर्ण जनावर ओळखू आल्यावाचून व त्याच्या मागे काय आहे हे पाहिल्यावाचून चापावर बोट जाऊ नये. शेजारच्या शेतांत त्या रात्री कोण कोठे राखणीला बसणार, हे संध्याकाळी एकमेकांस सांगून ठेवावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने हंगामाच्या आरंभी परवानाधारकांची एक बैठक घेऊन ही पद्धत पाडली, तर एका संध्याकाळचे ते काम पुष्कळ उपयोगी पडेल. बंदूक ज्याच्या नावावर आहे त्यानेच वापरावी. परवानाधारक आजारी पडला म्हणून मुलाला माळ्यावर पाठविण्याची प्रथा कायद्याने चालत नाही.

घरी आणल्यावर बंदूक व काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत व किल्ल्या एका खुंटीला टांगू नयेत. पावसाळी हवेत एका रात्रीत तांबेरा धरतो, म्हणून गजाला कोरडे फडके गुंडाळून नळ्या पुसाव्यात व नंतर तेलाचा पातळ हात द्यावा. तेल जास्त झाल्यास, दस्ता खाली ठेवून उभ्या केलेल्या बंदुकीतून ते ओघळून लाकडात मुरते व लाकूड कुजते. बंदूक काही दिवस नळीचे तोंड खाली करून, फडक्यावर टेकून ठेवावी, आणि पुढच्या वेळी काढल्यावर बार काढण्यापूर्वी ते तेल पुसून घ्यावे.